हैदराबादच्या जुन्या शहरात बस्ता: मुक्काम कुठे करायचा, बाजार कसा करायचा

लग्नसराई जवळ आली की नात्यातल्या कुणाचा तरी फोन येतोच. "चारमिनारजवळ एखादं स्वस्तातलं लॉज सांग ना, बस्त्याला निघालोय." माझं उत्तर इतक्या वर्षांत बदललेलं नाही. चारमिनारजवळ राहू नका. मुसी नदीच्या अलीकडे राहा आणि बाजाराला पलीकडे जा.

हे ऐकून पुष्कळांना वाटतं की मी उगीच फाटे फोडते. खरेदी जिथे करायची तिथेच झोपलेलं बरं, असा साधा हिशोब असतो. पण जुनं शहर त्या हिशोबात बसत नाही. मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ साली चारमिनार बांधला तो चार रस्त्यांच्या मधोमध, आणि आजचा बाजार त्याच चार रस्त्यांवर आणि त्यांच्या पोटगल्ल्यांत भरतो. संध्याकाळी पाचनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. चारमिनारच्या अगदी भोवती वाहनांना बंदी आहे, रिक्षा लांब सोडते. जी थोडीफार लॉजं आहेत त्यांच्या खोल्या एकतर रस्त्यावर, म्हणजे रात्री उशिरापर्यंत गलका, नाहीतर आतल्या बाजूला, म्हणजे खिडकीच नाही. शिवाय गाडी पहाटेची असेल तर बोचकी घेऊन त्या गल्ल्यांतून बाहेर पडणं हे वेगळंच काम.

आम्हा मराठवाड्याच्या लोकांना हैदराबाद परकं नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमची राजधानी तीच होती. माझी आजी निजामाच्या हाली शिक्क्याच्या रुपयाच्या गोष्टी सांगायची. पण ओळख असणं वेगळं आणि तिथल्या बाजारात न फसता दोन दिवस काढणं वेगळं. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

वार बघून निघा

आधी तारीख नव्हे, वार ठरवा. बेगम बाजार हा घाऊक बाजार रविवारी बहुतेक बंद असतो. शुक्रवारी सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला राजवाडा दोन्ही बंद. त्याच दिवशी दुपारी मक्का मशिदीत जुम्म्याची नमाज असते, त्या वेळी चारमिनारच्या दक्षिणेकडच्या रस्त्यावर फार गर्दी होते. म्हणून माझं गणित असं: सोमवारी सकाळी पोचायचं आणि बुधवारी रात्री परतीची गाडी धरायची. दोन रात्री, तीन दिवस. बस्ता आणि थोडं फिरणं त्यात आरामात होतं.

काही काळ मात्र टाळा. १ जानेवारीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नामपल्लीच्या मैदानावर नुमाइश भरते. १९३८ साली सुरू झालेलं हे प्रदर्शन बघण्यासारखं आहे, पण त्या दिवसांत नामपल्ली भागातल्या खोल्या पटापट भरतात आणि भाव चढतात. अनंत चतुर्दशीला गणपतीची मोठी मिरवणूक चारमिनारवरून मोअज्जम जाही मार्केटकडे जाते, त्या दिवशी रस्ते बंद असतात. खरेदीचं नाव काढू नका.

रमजानचं तुमच्या स्वभावावर आहे. त्या महिन्यात लाड बाजार रात्रभर जागा असतो, रोषणाई असते, हलीम (गहू आणि मटण घोटून केलेला पदार्थ) मिळतं. हैदराबादच्या हलीमला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालं. बघायला जायचं असेल तर त्याच महिन्यात जा. शांतपणे साड्या निवडायच्या असतील तर नको.

गाडी कुठे उतरवते ते तिकिटावर वाचा

"हैदराबादचं तिकीट काढलंय" एवढं पुरत नाही. हैदराबाद डेक्कन, म्हणजेच नामपल्ली, हे एक स्टेशन. काचीगुडा दुसरं, सिकंदराबाद तिसरं. त्यात २०२५ च्या जानेवारीत चर्लापल्ली हे नवं टर्मिनल सुरू झालं आहे, ते शहराच्या पार पूर्वेला. मनमाडहून येणारी अजिंठा एक्स्प्रेस काचीगुड्याला थांबते. मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे येणारी हुसेनसागर एक्स्प्रेस नामपल्लीला पोचते. शेवटचं स्टेशन कुठलं आणि खोली कुठली, हे दोन्ही एकत्र बसवा. नाहीतर पहिल्याच सकाळी रिक्षेत तासभर आणि बरेच पैसे जातात.

एसटीने किंवा तेलंगणाच्या बसने आलात तर बहुधा महात्मा गांधी बसस्थानकात उतराल. सगळे त्याला एमजीबीएस किंवा इमलीबन म्हणतात. तिथूनच मेट्रोही मिळते. मियापूर ते एल. बी. नगर आणि जेबीएस (जुबिली बसस्थानक) ते एमजीबीएस अशा दोन मार्गांचं ते जंक्शन आहे. मेट्रो त्याच्यापुढे चारमिनारकडे जात नाही, पुढे पायी किंवा रिक्षाने.

बायकांसाठी एक गोष्ट सांगते, कारण यावरून बसमध्ये वाद होताना पाहिले आहेत. तेलंगणात डिसेंबर २०२३ पासून महिलांना सरकारी बसचा प्रवास फुकट आहे, पण तो तेलंगणाच्या रहिवासी महिलांना. कंडक्टर ओळखपत्र बघतो. आपल्या आधारवर महाराष्ट्राचा पत्ता आहे, तेव्हा आपण तिकीट काढायचं.

मुक्कामाच्या जागा, माझ्या पसंतीच्या क्रमाने

अफजलगंज आणि गौलीगुडा. बस्त्यासाठी आलेल्यांना ही माझी पहिली शिफारस. हा भाग मुसीच्या अलीकडच्या काठावर, एमजीबीएसला लागून आहे. इथून नया पूल ओलांडला की तुम्ही जुन्या शहरात. चारमिनार साधारण दीड-दोन किलोमीटर, पायी वीस-पंचवीस मिनिटं. आणि बेगम बाजार तर नदीच्या याच बाजूला, हाकेच्या अंतरावर. म्हणजे दोन्ही बाजारांच्या मधोमध तुमची खोली. दुपारी पिशव्या टाकून पुन्हा बाहेर पडता येतं, आणि बस्त्याच्या दिवशी ही सोय कुठल्याही गरम पाण्यापेक्षा आणि टीव्हीपेक्षा मोठी असते. वाईट काय? भाग व्यापारी आहे, मालाचे ट्रक आणि हातगाड्या पहाटेपासून चालू होतात. रस्त्याकडची खोली घेऊ नका.

जाता जाता: अफजलगंजातल्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात चिंचेचं एक जुनं झाड आहे. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसीला महापूर आला तेव्हा त्याच्यावर चढून सुमारे दीडशे माणसं वाचली, असं सांगतात.

काचीगुडा आणि सुलतान बाजार. रेल्वेने येणाऱ्या कुटुंबांना हे जास्त सोयीचं. या बाजूला मराठी माणसांचा वावर जुना आहे. विवेकवर्धिनीसारखी मराठी माणसांनी उभी केलेली शिक्षणसंस्था इथेच. वयस्कर माणसं बरोबर असतील तर आजूबाजूची शांतता बरी पडते. चारमिनार इथून चार-पाच किलोमीटर, रिक्षा लागणारच.

नामपल्ली. लॉजची संख्या इथे सगळ्यात जास्त, स्टेशनच्या समोरच रांग लागलेली. म्हणून घासाघीसही इथे सगळ्यात जास्त चालते. मेट्रोचं स्टेशन आहे. एकट्यादुकट्या प्रवाशाला चांगलं. पण स्टेशनबाहेर "रूम, रूम" करत मागे लागणाऱ्याच्या मागे जाऊ नका, त्याचं कमिशन तुमच्याच भाड्यातून जातं.

सिकंदराबाद चांगलं आहे, स्वच्छ आहे, पण बस्त्यासाठी लांब पडतं.

एकच रात्र काढायची असेल तर रेल्वेच्या विश्रांतिगृहाची खोली किंवा डॉर्मिटरीही बघा. आरक्षित तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीवरून मिळते, तासांच्या हिशोबाने. लवकर भरते, म्हणून तिकीट पक्कं झालं की लगेच बघायची.

खोली घेताना

मी एकदा ॲपवर फोटो बघून दोन रात्रींचे पैसे आधीच भरले होते. फोटोत खिडकी होती, पडदा होता, पडद्यातून ऊन येत होतं. खोलीत गेल्यावर पडदा बाजूला केला तर मागे सरळ भिंत. लॉजवाला म्हणाला, "मॅडम, विंडो टाइप है." तेव्हापासून पहिल्या रात्रीपुरतेच पैसे भरते आणि खोली आवडली तर दुसरी रात्र तिथेच काउंटरवर वाढवते. भावही बहुतेकदा ॲपपेक्षा बरा मिळतो.

काउंटरवर भाडं ठरवायच्या आधी चावी मागा आणि खोली बघा. आधी नळ सोडायचा, मग फ्लश, मग पंखा पाचवर, मग आतली कडी. गाद्या वर करून बघा, ढेकूण असतील तर शिवणीत काळे ठिपके दिसतात. मोबाइलला रेंज आहे का तेही बघा, आतल्या खोल्यांत नसते. गरम पाणी कधी येतं ते विचारा. "गीझर है" या उत्तरावर जाऊ नका, "कितने बजे से कितने बजे तक?" असं विचारा. बऱ्याच ठिकाणी ते फक्त सकाळी दोन-तीन तास चालू असतं.

चेक-आउटचे दोन प्रकार असतात आणि यातच पुष्कळ लोक अडकतात. काही लॉज चोवीस तासांच्या हिशोबाने चालतात. सकाळी सातला घेतली तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत. काहींचं चेक-आउट दुपारी बाराला, तुम्ही कधीही या. पहाटे पाचच्या गाडीने पोचलात आणि लॉज बाराचं असेल तर सात तासांसाठी एक दिवसाचं भाडं बसू शकतं. पहाटे पोचणाऱ्यांनी चोवीस तासवालंच शोधावं. आणि शेवटच्या दिवशी खोली सोडल्यावर रात्रीच्या गाडीपर्यंत सामान काउंटरवर ठेवू देतील का, हे खोली घेतानाच विचारून ठेवावं. बस्त्याच्या शेवटच्या दिवशी हेच उपयोगी पडतं.

भाड्यावर कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी पाच टक्के आहे. कुणी जुना बारा टक्के लावत असेल तर विचारा. आणि ज्या लॉजकडे जीएसटी नंबरच नाही त्याला कर लावता येत नाही. बिलावर नंबर बघायचा, नसेल तर ती ओळ काढायला लावायची. वाद न घालता, हसत. बहुतेक वेळा निघते.

ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं. आधारची झेरॉक्स द्यायचीच असेल तर मास्क केलेलं आधार काढून ठेवा, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि झेरॉक्सवर तारीख आणि "फक्त लॉजसाठी" असं लिहा. मला हे आमच्या आत्याने शिकवलं. ती बँकेत होती.

पहिल्या संध्याकाळी काहीही विकत घेऊ नका

हा माझा सगळ्यात ठाम नियम आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा.

पोचलात, अंघोळ झाली, जेवलात. चारच्या सुमाराला नया पुलावरून चालत निघा. डावी-उजवीकडे मुसी, पलीकडे १९२० साली उद्घाटन झालेली उच्च न्यायालयाची लाल-पांढरी इमारत. पुढे मदिना चौक. तिथून सरळ पथरगट्टी, दोन्ही बाजूंना दगडी कमानींखाली दुकानं. १९०८ च्या पुरानंतर शहर सुधारणा मंडळ स्थापन झालं, त्या काळातली ही रचना. मग गुलजार हौज, चार कमानींच्या मधलं कारंजं. कमान ओलांडली की समोर चारमिनार. त्याच्या पश्चिमेला वळलं की लाड बाजार, आणि तो संपतो महबूब चौकाच्या घड्याळाच्या मनोऱ्याकडे. हा एवढा रस्ता डोक्यात बसला की गल्लीत हरवलात तरी काळजी नाही. मान वर करून मिनार शोधायचा आणि तिकडे चालायला लागायचं.

या फेरीत फक्त भाव विचारा. एकाच प्रकारची वस्तू चार-पाच दुकानांत दाखवून घ्या आणि मोबाइलमध्ये टिपा. विचारल्यावर न घेता निघालात तर मागून हाक येईल, भाव खाली येईल. येऊ द्या, तो उतरलेला भावही टिपा. तोच उद्याचा तुमचा सुरुवातीचा भाव.

मदिना चौकात इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट. तेवढी खरेदी चालते.

लाड बाजार: बांगड्यांचं माप आधी शिका

लाड बाजाराला चुडी बाजारही म्हणतात. लाखेच्या बांगड्या हे इथलं खरं वैभव. २०२४ साली या बांगड्यांनाही भौगोलिक मानांकन मिळालं. काही दुकानांबाहेर कारागीर कोळशाची शेगडी घेऊन बसलेला दिसतो. लाख मऊ करायची, धातूच्या कड्यावर बसवायची, आणि ती गरम असतानाच एकेक खडा चिमट्याने दाबत जायचा. पाच मिनिटं उभं राहून बघा. मग चांगल्या आणि वाईट बांगडीतला फरक कुणी सांगायला लागत नाही. चांगल्या बांगडीचा खडा लाखेत रुतलेला असतो, स्वस्तातल्या बांगडीवर तो डिंकासारख्या पदार्थाने वरवर चिकटवलेला. नखाने हलकेच ढकलून बघायचं. आतल्या बाजूने बोट फिरवायचं, कड्याचा जोड टोचता कामा नये.

आता माप. बांगडीचं माप २.४, २.६, २.८ असं सांगतात आणि नव्या मुली त्याला दशांश समजतात. तो दशांश नाही. टिंबानंतरचा आकडा इंचाचे सोळावे भाग दाखवतो, पूर्वी रुपयाचे सोळा आणे असायचे तसे. २.४ म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच. २.८ म्हणजे अडीच इंच. म्हणूनच २.१० ही २.८ पेक्षा मोठी असते! हे माप आतल्या बाजूच्या व्यासाचं. नवरीला न नेता तिच्या बांगड्या आणायच्या असतील तर तिची रोजची, व्यवस्थित बसणारी एक बांगडी बरोबर न्या. आणि लक्षात ठेवा, काचेची बांगडी ज्या मापाची बसते त्याच मापाची लाखेची बांगडी घट्ट वाटू शकते, कारण लाखेची जाड असते आणि हातात पाच-सहा एकदम चढवायच्या असतात. शंका असेल तर एक माप वरचं.

भाव सांगितला की पहिला प्रश्न: एका हाताचा की दोन्ही हातांचा? यावरूनच निम्मा गोंधळ होतो. दुसरा प्रश्न: डबा उघडून सगळ्या दाखवाल का? वरच्या थरातल्या चांगल्या आणि खालच्या थरातल्या खडे उडालेल्या, असा एक डबा मी घरी येऊन उघडला आहे. दुकानदार चांगला होता की वाईट ते मला आजही ठरवता येत नाही, पण डबा मी तिथे उघडला नव्हता हे खरं.

लाख उष्णतेने मऊ होते. डबा गाडीच्या बंद काचेत उन्हात ठेवू नका, खिडकीजवळच्या बर्थवरही नको.

मोती, चांदी, कपडे

हैदराबादला समुद्र नाही, मग मोती कुठून? पूर्वी इराणच्या आखातातून, बसऱ्याचे म्हणून ओळखले जाणारे. आता विकले जातात ते बहुतांश चीनमधले, गोड्या पाण्यात वाढवलेले. हैदराबादचं कसब भोक पाडण्यात, निवडण्यात आणि ओवण्यात. तेव्हा कुणी "असली बसरा" म्हणून स्वस्तात दाखवू लागला तर नमस्कार करून निघा.

दातावर घासायची परीक्षा सगळ्यांना माहीत असते: खरा मोती किंचित खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. ती बरोबर आहे, पण अर्धीच. तिने मोती की काच एवढंच कळतं, मोती भारी की हलका हे कळत नाही. त्यासाठी गोलाई, चमक आणि एकसारखेपणा बघावा लागतो. तांदळाच्या आकाराचे स्वस्त, पूर्ण गोल महाग. भोकाची कड बघा, नकली मोत्याचा रंग तिथे सोललेला दिसतो. आणि माळेत दर मोत्यामागे गाठ मारून घ्या, तुटली तरी एकच मोती जातो. सोन्याचा फासा किंवा पेंडंट असेल तर हॉलमार्क आणि सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी क्रमांक बघूनच पैसे द्या. मोत्याचं पक्कं बिल घ्या, कितीही सवलत दाखवली तरी.

चांदीसाठी गुलजार हौज. त्यावर मी फार लिहीत नाही, आमच्याकडे चांदी ओळखीच्या सोनाराकडूनच घेतात.

कपड्यांसाठी मदिना, पथरगट्टी, आणि आत रिकाबगंज व घांसी बाजार. आतल्या गल्ल्यांत घाऊक दुकानं जास्त. मानपानाच्या पंचवीस-तीस साड्या एकदम घ्यायच्या असतील तर आतच जा, भाव बाहेरच्या रस्त्यापेक्षा उतरतो. शिरताना आधी विचारा, "सिंगल पीस देते क्या?" काही दुकानदार सेटशिवाय देत नाहीत, उगीच तासभर साड्या उलगडून दोघांचाही वेळ जायला नको. शालू-पैठणीसारखी एक भारी साडी मात्र गर्दीत घेऊ नका. रेशमाला सिल्क मार्कचं लेबल आहे का बघा. नसेल आणि तरी मन बसलं असेल तर पदराच्या टोकाचा एक धागा मागून जाळून बघा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते, पॉलिएस्टरची कडक गुठळी होते. प्रामाणिक दुकानदार यात रागावत नाही.

एक युक्ती: बाजारात उतरण्याआधी तेलंगणा सरकारच्या 'गोलकोंडा' हस्तकला दालनात एकदा डोकावून या. पोचमपल्ली इकत, बिदरी काम, हे सगळं तिथे ठरलेल्या भावात असतं. घ्यायलाच हवं असं नाही. पण खरा माल हातात कसा लागतो आणि त्याचा भाव साधारण काय, हे कळलं की पुढे बाजारात कुणी तुम्हाला नवखं समजत नाही.

घासाघीस

जुन्या शहराची भाषा दखनी. मराठी माणसाला ती पाच मिनिटांत कळू लागते, कारण तिच्यात आपलाच 'नको' आहे. तिथे तो 'नक्को' होतो. 'हौ' म्हणजे हो, 'कायकू' म्हणजे कशाला, 'कित्ते' म्हणजे किती. 'परसों' ऐकलात तर परवाच असं धरू नका, गेल्या महिन्यातलाही असू शकतो. शिवायला टाकलेल्या ब्लाउजसाठी "परसों दे देता" हे उत्तर चालवून घेऊ नका, तारीख लिहून घ्या.

दुकानदाराला 'भाई' म्हणा, तो तुम्हाला 'आपा' किंवा 'अम्मा' म्हणेल. किती उतरवायचं याचं ठरलेलं प्रमाण नाही. कुणी "निम्म्याने मागा" सांगतं, ते सगळीकडे चालत नाही. पथरगट्टीतल्या मोठ्या दुकानात दहा टक्के मिळाले तरी पुष्कळ, आणि फूटपाथवर निम्माही जास्त होऊ शकतो. तुमच्याकडे कालची यादी आहे, तिचाच आधार घ्या. सकाळी अकरा-साडेअकराला दुकानं उघडतात तेव्हा बोहनीची वेळ. त्या वेळी गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ द्यायला दुकानदार नाखूश असतो. पण ज्या वस्तूवर मन पक्कं आहे तीच बोहनीला मागायची. मागून भाव उतरवला आणि मग घेतलीच नाही, तर तो चिडणारच, आणि त्याचं चुकत नाही.

एकाने बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. आमच्या वहिनीने साडी बघताच "अगं, हीच!" म्हटलं की भाव तिथेच गोठतो.

पैशांचं सांगायचं तर यूपीआय जवळजवळ सगळीकडे चालतं. तरी शंभर-पन्नासच्या नोटा ठेवा, गल्लीत रेंज जाते. पर्स पुढे, आणि लाड बाजारात मोबाइल मागच्या खिशात मुळीच नको.

बेगम बाजार सगळ्यात शेवटी

कारण इथला माल जड असतो. काजू, बदाम, खोबरं, खजूर, मसाले, स्टीलची आणि पितळेची भांडी, पूजेचं सामान, रुखवताची खेळणी. हे आधी घेतलंत तर पुढचे दोन दिवस त्याचीच राखण. बुधवारी सकाळी खोली सोडायची, सामान काउंटरवर, आणि दुपारपर्यंत बेगम बाजार.

सुकामेवा दोन-तीन दुकानांत चाखून बघा. ढीग वरून चांगला दिसतो, हात घालून खालचा काढायला सांगा. पितळ आणि तांबं वजनावर मिळतं, तेव्हा घरून निघताना आपल्याकडचा किलोचा भाव विचारून ठेवा. फरक फार नसेल तर कशाला वाहून न्यायचं? भांडी मी हल्ली इथून आणत नाही, सुकामेवा मात्र आणते.

परतीचं सामान

रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं, टू एसीला ५०. बस्त्याच्या चार माणसांना ते पुरतं. त्याहून जास्त झालं तर अफजलगंज-उस्मानगंज भागात ट्रान्सपोर्टची कार्यालयं आहेत, पार्सल करून टाका. पार्सलच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे नाव-फोन लिहा. कपडे आधी प्लॅस्टिकमध्ये, मग गोणपाटात. बिलं पार्सलमध्ये नव्हे, पर्समध्ये.

बांगड्यांचे डबे मात्र पार्सलला देऊ नका आणि सीटखालीही सरकवू नका. एका पिशवीत उभे न ठेवता आडवे रचायचे, मधे जुनी ओढणी घालायची आणि ती पिशवी आळीपाळीने एकेकाच्या मांडीवर.